प्रीमेड आणि परदेशातलं एक सेमिस्टर: कधी, कुठे, कसं बसवायचं?

रानजाई
मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) आहे. मेजर न्यूरोसायन्स, ट्रॅक प्रीमेड (पदवीनंतर मेडिकलला जायची तयारी). बायॉलॉजी आणि जनरल केमिस्ट्रीची दोन-दोन सेमिस्टर्स लॅबसकट झाली आहेत, सध्या ऑर्गो (ऑर्गॅनिक केमिस्ट्री) १ चालू आहे. फिजिक्सला अजून हात लावलेला नाही. एक सेमिस्टर बाहेर जायचंच असं तिच्या मनाने घेतलं आहे. एडिंबरा किंवा कोपनहेगन.

प्रश्न असे: कोणतं सेमिस्टर निवडावं? तिकडचे मार्क मेडिकलच्या अर्जात कसे धरतात? एमकॅटचं (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचं) काय? शिवाय तिच्या मामाचं सांगलीला हॉस्पिटल आहे. तो म्हणतो, उन्हाळ्यात इकडेच पाठव, ऑपरेशनला शेजारी उभी करतो, असा अनुभव तिकडे कोण देणार? आणि शेवटचं म्हणजे पासपोर्ट भारतीय आहे, एच-४ वर (आईवडिलांच्या वर्क व्हिसावरचा अवलंबित व्हिसा) आहे, ज्युनिअर इयरच्या (तिसऱ्या वर्षाच्या) मार्चमध्ये २१ पूर्ण होतील.

ओहायोकर
आधी अर्जाचा जून ठरवा, देश मग बघू.

अ‍ॅमकॅसचा अर्ज (मेडिकल स्कूल्सचा सामायिक ऑनलाइन अर्ज) मेच्या सुरुवातीला भरायला उघडतो, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि जूनच्या शेवटी कॉलेजांकडे जायला लागतो. प्रवेश रोलिंग असतात, म्हणजे आधी आलेल्यांना इंटरव्ह्यूच्या जागा आधी. भर हंगामात नुसत्या व्हेरिफिकेशनला महिना-दीड महिना जातो, त्यामुळे डेडलाइन ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिसली तरी खरी डेडलाइन जूनच.

पदवीनंतर खंड न पाडता जायचं असेल तर अर्ज ज्युनिअर इयर संपताच जूनमध्ये जातो. एक गॅप इयर घ्यायचं असेल तर सिनिअर इयर (शेवटचं, चौथं वर्ष) संपताना. आता मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर एक किंवा जास्त वर्षं थांबलेली असतात, तेव्हा गॅप इयर म्हणजे मागे पडणं हे डोक्यातून काढून टाका. ते घ्यायची तयारी असेल तर परदेशातलं सेमिस्टर आरामात बसतं. नसेल तर बसतं, पण तारेवरची कसरत आहे.

केमलॅब
कोणतं सेमिस्टर घ्यावं यावर सल्लागारांची मतं वेगळी का पडतात ते सांगते. मोठ्या विद्यापीठात ऑर्गो १ आणि २ दोन्ही सेमिस्टरला, वर उन्हाळ्यातही मिळतं. छोट्या कॉलेजात ऑर्गो १ फक्त फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबर) आणि ऑर्गो २ फक्त स्प्रिंगला (जानेवारी ते मे). फिजिक्सचंही तेच. त्यामुळे सगळं तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकावर येऊन ठेपतं.

सोफोमोर स्प्रिंग: अजिबात नको. ऑर्गो १ डिसेंबरमध्ये संपेल आणि ऑर्गो २ थेट पुढच्या वर्षीच्या जानेवारीत हाती येईल. मधल्या वर्षभरात एनोलेट आणि कार्बोनिलची पाटी कोरी होते. बायोकेमिस्ट्रीही एक वर्ष पुढे ढकलली जाते, कारण तिला ऑर्गो २ लागतं.

ज्युनिअर फॉल: सगळ्यात सोयीचं. ऑर्गो संपलेलं असतं, परत आल्यावर स्प्रिंगमध्ये बायोकेम घेता येतं. पण स्प्रिंगमध्ये बायोकेम मिळतं का हे आजच रजिस्ट्रारच्या पानावर बघा. काही ठिकाणी तेही फक्त फॉलला असतं.

ज्युनिअर स्प्रिंग: गॅप इयर घेणार असाल तरच. नाहीतर एमकॅट, कमिटी लेटर (कॉलेजच्या प्रीमेड समितीचं शिफारसपत्र) आणि अर्ज, तिन्ही याच काळात अंगावर येतात.

अडचण फिजिक्सची आहे. ज्युनिअर फॉलला ती बाहेर गेली तर फिजिक्स १ हुकतं, आणि १ शिवाय स्प्रिंगमधलं २ घेता येत नाही. वाटा दोनच: सोफोमोर नंतरच्या उन्हाळ्यात दोन्ही भाग लॅबसकट आटोपायचे, नाहीतर पूर्ण फिजिक्स सिनिअर इयरला. दुसरी वाट गॅप इयरवाल्यांचीच. उन्हाळी फिजिक्स चार वर्षांच्या विद्यापीठात करा. कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट काही मेडिकल स्कूल्स नाक मुरडून घेतात.

तिसरी_घंटा
यात भर. प्रीरिक्विझिट (मेडिकलच्या प्रवेशासाठी सक्तीचे) विषय परदेशात करू नका, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेम काहीही नाही. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना ते अमेरिकन किंवा कॅनेडियन संस्थेतूनच केलेले हवे असतात, आणि परदेशी कोर्समध्ये लॅबचे तास किती होते हे सिद्ध करत बसायची वेळ येते.

मग तिकडे घ्यायचं काय? सोशिऑलॉजी (एमकॅटच्या चौथ्या भागात कामाला येते), पब्लिक हेल्थ, वैद्यकीय नीतिशास्त्र, भाषा, आणि कॉलेजच्या जनरल एज्युकेशनचे राहिलेले विषय. मेजरचे एक-दोन ऐच्छिक कोर्सही चालतात, पण विभागप्रमुखांची लेखी मंजुरी आधी. एडिंबराला गेलीच तर वैद्यकशास्त्राचा इतिहास मिळतो का जरूर बघा. शरीरविच्छेदनासाठी प्रेतं पुरवण्याकरता बर्क आणि हेअरने १८२८ साली खून पाडले ते याच गावात, आणि १८३२ चा अ‍ॅनाटमी अ‍ॅक्ट आला त्यामागे हे प्रकरण होतं. वर्गातून उठून सर्जन्स हॉलचं म्युझियम बघायला चालत जाता येतं.

रानजाई
गॅप इयरला आमची ना नाही. म्हणजे ज्युनिअर फॉल धरून चालते. मार्कांचं कोणी सांगेल का? एडिंबराच्या पानावर ७० ला 'ए' असं दिसलं.

मीठभाकर
बरोबर दिसलं. ब्रिटिश पद्धतीत ७० म्हणजे उत्तम, ६० ते ६९ चांगलं, ४० पास. ९० च्या वर बघायची सवय असलेली मुलं पहिल्या निबंधाला ६२ पाहून हादरतात. त्या ६२ चं घरी काय होतं हे तुमच्या कॉलेजच्या रूपांतर-तक्त्यावर ठरतं. कुठे बी प्लस, कुठे बी. तक्ता निघण्यापूर्वी मागून घ्या.

एडिंबरात एका सेमिस्टरला त्यांचे ६० क्रेडिट, म्हणजे साधारण २० चे तीनच कोर्स. युरोपियन मापात ते ३० ईसीटीएस, अमेरिकेत १५ सेमिस्टर क्रेडिट. (दोन ईसीटीएसला एक अमेरिकन, हा ढोबळ हिशेब.) तिच्या कॉलेजात सेमिस्टरला चार कोर्स धरत असतील तर तीनचे चार मोजतात का हे विचारा. तीनच मोजले तर पदवीला एक कोर्स कमी पडतो, आणि ते सिनिअर इयरला उघडकीला आलं तर पळापळ.

आता अ‍ॅमकॅस. ग्रेड अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) अक्षरात आली तर जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात. नुसतं 'ट्रान्सफर क्रेडिट' म्हणून, ग्रेडशिवाय आली तर धरत नाहीत. कॉलेजचा स्वतःचा किंवा संलग्न प्रोग्रॅम असेल तर सहसा ग्रेड येते. तुम्ही परस्पर परदेशी विद्यापीठात नाव घातलंत तर बहुधा फक्त क्रेडिट. मुलीचा जीपीए उत्तम असेल तर ग्रेड न येणं सोयीचंच. उलट जीपीए वर काढायचा असेल तर त्या सेमिस्टरचा काही उपयोग नाही. जिथे जिथे शिकली ती प्रत्येक संस्था अर्जात दाखवायची हे मात्र विसरायचं नाही, ग्रेड येवो न येवो.

कोपनहेगनमध्ये अमेरिकन मुलांसाठीच चालणाऱ्या प्रोग्रॅममधून गेलात तर अमेरिकन अक्षरी ग्रेड मिळते. थेट डॅनिश विद्यापीठात गेलात तर उणे ३ ते १२ असा सात पायऱ्यांचा तक्ता आहे. ईसीटीएसच्या अक्षरांत त्यातला ७ म्हणजे सी. तिकडे ७ ला कोणी वाईट म्हणत नाही, पण इथल्या ट्रान्सक्रिप्टवर सी उमटला की तो सीच.

ओहायोकर
ट्रान्सक्रिप्टचा उशीर हा दरवर्षीचा घोळ. परदेशातले मार्क कॉलेजात पोचून नोंद व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. फॉलला गेलेल्यांना फरक पडत नाही. स्प्रिंगला जाऊन लगेच जूनमध्ये अर्ज करणाऱ्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर तो रकाना रिकामा असतो. ज्युनिअर फॉलच्या बाजूने हे आणखी एक कारण.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा विचार मनात येण्याआधीच सांगतो: त्यांचं पहिलं सत्र फेब्रुवारीअखेर ते जून, दुसरं जुलै ते नोव्हेंबर. पहिलं घेतलं तर परीक्षा आणि अ‍ॅमकॅस एकाच महिन्यात. दुसरं घेतलं तर अर्धा उन्हाळा जातो. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतं, म्हणजे इथलं स्प्रिंग सुरू झालेलं असतं. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या सत्राची परीक्षा जानेवारीत. एका सत्रापुरत्या आलेल्यांना डिसेंबरमध्ये पर्यायी परीक्षा किंवा निबंध देतात की नाही, ते लेखी घ्या. एडिंबराचं सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होऊन परीक्षेसकट ख्रिसमसआधी आटपतं, म्हणून ते सोपं.

तिसरी_घंटा
एमकॅट: परीक्षा जानेवारी आणि त्यानंतर मार्च ते सप्टेंबर. ऑक्टोबर-डिसेंबर बंद. चार भाग, २३० प्रश्न, ब्रेक धरून साडेसात तास. निकाल महिनाभराने. परदेशात केंद्रं मोजकीच आहेत, तिकडे बसून द्यायचा बेत करू नका.

तिकडे बसून अभ्यासाचाही करू नका. डोक्यात 'रोज दोन तास एमकॅट' असतं, आणि शनिवार-रविवारी स्कॉटलंडच्या हायलँड्सला फिरायला जायचं असतं. दोन्ही नीट होत नाही. वाचनाचा भाग तेवढा तिकडे आपोआप सुधारतो, कारण ब्रिटिश कोर्समध्ये लांबलचक निबंध वाचून त्यावर मत मांडायचं असतं.

गॅप इयर आहे तर सिनिअर इयरच्या जानेवारीत किंवा त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये द्या. जानेवारीत देणार असाल तर फिजिक्स उन्हाळ्यात उरकलेलं हवं. सिनिअर इयरला फिजिक्स ठेवणार असाल तर एप्रिलअखेर किंवा मे.

देशस्थ_डेट्रॉइट
सगळे अभ्यासाचंच बोलताहेत. मामाच्या हॉस्पिटलबद्दल कोणीच काही बोलत नाही. मला तर ती संधी सोन्यासारखी वाटते. इथे शॅडोइंगला (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला) डॉक्टर मिळवताना नाकी नऊ येतात. तिकडे घरचा माणूस आहे, टाके घालायलाही शिकवेल. अर्जात केवढं उठून दिसेल!

केमलॅब
उठून दिसेल, पण उलट्या अर्थाने.

अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०११ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. गाभा असा की इथे शिक्षणाशिवाय आणि परवान्याशिवाय जे करू दिलं जात नाही, ते परदेशातही करू नये. टाके, इंजेक्शन, प्रसूतीत हात लावणं, निदान सांगणं, सगळं त्यात आलं. 'भारतात मी टाके घातले' हे वाक्य वाचल्यावर प्रवेश समितीला हुशारी दिसत नाही. त्यांना दिसतं की या मुलीला आपल्या मर्यादा कळत नाहीत आणि पेशंटच्या संमतीचं सोयरसुतक नाही. मुद्दा फक्त अर्जाचा नाही. ज्या पेशंटवर ती हात साफ करणार, त्याला ती डॉक्टर नाही हे सांगितलेलं असतं का?

देशस्थ_डेट्रॉइट
आपल्याकडे सगळीकडे चालतं हो. मामा शेजारी उभा असताना काय बिघडणार?

केमलॅब
जंतुसंसर्ग, चुकून सुई टोचणं, आणि तसं झालं तर औषधोपचार आणि विमा कोणाचा, हे तीन प्रश्न विचारून बघा मामांना. चालतं हे खरं. म्हणूनच लिहून ठेवायची वेळ आली.

रानजाईताई, जाऊ नको असं नाही. नुसतं बघायला जाऊ दे. दारात पेशंटला 'ही विद्यार्थिनी आहे, थांबली तर चालेल का' असं मराठीत विचारायचं आणि नाही म्हटलं तर बाहेर यायचं. फोटो एकही नाही, पाठमोरा सुद्धा नाही. जाण्याआधी मिनेसोटा विद्यापीठाचा ग्लोबल अँबॅसॅडर्स फॉर पेशंट सेफ्टी हा ऑनलाइन कोर्स करून घे म्हणावं. फुकट आहे, याच प्रसंगांवर बेतलेला आहे, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नातेवाईकाकडचं शॅडोइंग समित्या हलक्यानेच घेतात, त्यामुळे इथल्या डॉक्टरांबरोबरचे तास वेगळे लागणारच. अमेरिकेतली आरोग्यव्यवस्था आतून पाहिली आहे का, हे त्यांना बघायचं असतं.

सह्यकडा
भारतातच जायचं तर ऑपरेशन थिएटरपेक्षा जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जिथे गावातल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथे अभ्यासक्रम चालतात. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं जे काम केलं, त्याचा निबंध १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तो निघण्याआधी तिला वाचायला द्या. पुढे मुलाखतीत 'भारतात काय पाहिलंस' या प्रश्नाला त्यातून खरं उत्तर सापडेल.

आणि तिचं मराठी कसं आहे? घरी बोलते पण वाचता येत नाही, असं असेल तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे पुण्यात मराठीचे वर्ग असतात, उन्हाळी सुद्धा. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलता येणं हे टाक्यांपेक्षा जास्त टिकतं. (इथल्या पेशंटसाठी स्पॅनिश जास्त कामाची, हे आधीच मान्य करून टाकतो.)

अ‍ॅटलांटाकर
व्हिसाचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक तेच आहे.

२१ पूर्ण झाले की एच-४ संपतो. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायला दोन रस्ते. एक, इथूनच आय-५३९ भरून स्टेटस बदलणं. हा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की तो सोडून दिला असं धरतात. म्हणजे उन्हाळ्यात अर्ज भरायचा आणि ऑगस्टअखेर एडिंबराला निघायचं, असं करता येणार नाही. मंजुरी एडिंबराला निघण्यापूर्वी हातात हवी, नाहीतर अर्ज डिसेंबरमध्ये परतल्यावर आणि मार्चच्या वाढदिवसाआधी भरायचा, आणि निकाल लागेपर्यंत हलायचं नाही. दुसरा रस्ता, बाहेरून एफ-१ चा व्हिसा घेऊन येणं. आता मुलाखत सहसा आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशात द्यावी लागते, तेव्हा डिसेंबरमध्ये भारतवारी धरा. अपॉइंटमेंट वेळेत मिळेलच असं गृहीत धरू नका.

परत येताना एच-४ वर यायचं असेल तर पासपोर्टात चालू एच-४ स्टॅम्प हवा. आय-७९७ (मंजुरीची नोटीस) नुसता असून भागत नाही. ग्रीन कार्डचा आय-४८५ भरला असेल तर तो मुद्दा निराळा, वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

तिकडचा व्हिसा: ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो, पण भारतीय पासपोर्टला तो आधी घ्यावा लागतो. डेन्मार्कला ९० दिवसांच्या वर राहायचं म्हणून रेसिडेन्स परमिट, त्यासाठी बायोमेट्रिक. साधा शेंगेन व्हिसा सेमिस्टरला पुरत नाही. तिच्यासोबतच्या मुलांना, म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाल्यांना, यातलं बरंच कमी लागतं, त्यामुळे स्टडी अब्रॉड ऑफिसची छापील यादी तुमच्या मुलीसाठी अपुरी असते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात वेगळं जाऊन विचारा.

आणखी एक, धाग्याच्या थोडं बाहेरचं. बरीच मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यातली काही अनेक वर्षांची फी आधी बाजूला ठेवलेली दाखवायला सांगतात. गॅप इयर घ्यायचं की दोन, हे यावरही ठरेल.

रानजाई
हे २१ चं गणित आमच्या डोक्यात पुसटसं होतं, असं कोणी मांडून दिलं नव्हतं. वकिलाची वेळ घेते. शिफारसपत्रांचं काय करायचं?

तिसरी_घंटा
कॉलेजात कमिटी लेटर देतात का विचारा. देत असतील तर त्याची प्रश्नावली आणि मुलाखत अर्जाच्या वर्षीच्या हिवाळ्यात-स्प्रिंगमध्ये होते. तुमच्या बाबतीत ते सिनिअर इयर, त्यामुळे आड येत नाही.

प्राध्यापकांची पत्रं मात्र जाण्याआधी बोलून ठेवायची. ऑर्गोच्या प्राध्यापकांना सोफोमोर स्प्रिंग संपताना, मे महिन्यात, ऑफिस अवर्समध्ये भेटून. दीड वर्षाने ईमेल टाकली तर त्यांना चेहरा आठवत नाही आणि पत्र तीन ओळींचं येतं. परदेशातल्या प्राध्यापकांचं पत्र घ्यायचं तर छोट्या सेमिनारच्या वर्गातलं घ्या. शिवाय ब्रिटिश पत्रं थंड असतात. 'पुरेशी सक्षम' हे त्यांच्याकडे कौतुक असतं, इथे वाचणाऱ्याला ते नापसंतीसारखं वाटतं.

मीठभाकर
आरोग्याचं थोडक्यात. एडिंबराला विशेष काही नाही. भारतात गेली तर टायफॉइडची लस, आणि परतल्यावर हॉस्पिटलमधल्या व्हॉलंटिअरिंगसाठी टीबीची तपासणी नव्याने मागू शकतात. लहानपणी भारतात बीसीजी टोचली असेल तर त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची आयजीआरए करायला सांगा, नाहीतर विनाकारण छातीचे एक्स-रे आणि खुलासे. चाचणी परतल्यावर लगेच केली तर काही कळत नाही, आठ-दहा आठवड्यांनी करा.

रानजाई
आतापर्यंतचा आराखडा: येत्या स्प्रिंगला ऑर्गो २ आणि स्टॅटिस्टिक्स. उन्हाळ्यात फिजिक्स १ आणि २. ज्युनिअर फॉल एडिंबरा. स्प्रिंगला बायोकेम आणि सायकॉलॉजी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात जामखेड आणि सांगली, फक्त बघायला. एमकॅट सिनिअर जानेवारीत. काही चुकतंय?

केमलॅब
दोन गोष्टी. स्प्रिंगमध्ये आय-५३९ भरलात आणि मंजुरी आली नाही, तर त्या उन्हाळ्याची भारतवारी होणार नाही. तिकीट परत करता येईल असंच काढा, आणि इथल्या हॉस्पिटलचं व्हॉलंटिअरिंग पर्याय म्हणून लावून ठेवा. दुसरं, उन्हाळ्यात दोन्ही फिजिक्स म्हणजे आठ-दहा आठवडे रोज वर्ग आणि लॅब. ऑगस्टअखेर निघायचं आहे, तेव्हा शेवटची परीक्षा कोणत्या तारखेला ते बघूनच ब्रिटनच्या व्हिसाची बायोमेट्रिक अपॉइंटमेंट घ्या.

ओहायोकर
आणि प्रत्येक एडिंबरा कोर्सची पूर्ण सिलॅबस पीडीएफ आत्ताच उतरवून ठेवायला सांगा. वर्ष बदललं की ते पान बदलतं, आणि क्रेडिटची मंजुरी मागताना तीच मागतात. तीन कोर्स हवेत तर सहांची मंजुरी घ्या. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक तरी कोर्स भरलेला किंवा दुसऱ्याच्या वेळेवर आलेला असतो.